पाचवं कलम खोडताना

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी तिच्या लॅपटॉपवर लिनक्स ही मुक्त सिस्टीम टाकताना मी ‘संपूर्ण डिस्क पुसा’ निवडलं, तिथून सगळं फिरलं. तिचा तीन वर्षांचा प्रबंध गेला. तिला वाटलं मी कॉपी घेतली असेल, मला वाटलं तिने. ती म्हणजे वरच्या मजल्यावरची, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, जिच्यावर माझा जीव आहे. तेव्हापासून ती बोललेली नाही.

उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरांनी हातचं राखूनच सांगितलं. म्हणून मी, वय बावीस, शिक्षण अर्धवट, डोकं तापट पण ठिकाणावर, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. घाबरलोय, हे खरं.

१. मागच्या खोलीतला कॉम्प्युटर बंद करायचा नाही. तिची डिस्क त्याला जोडली आहे. पुसलेल्यातून तुकडे शोधतोय. नऊ दिवसांत चौदा पानं मिळाली, अजून आठवडा लागेल. बाबा, तुम्ही इलेक्ट्रिशियन. मेन स्विच पाडल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. हात जोडतो, एवढा आठवडा पाडू नका.

२. माझा लॅपटॉप ताईला. भावजींनी हात लावू नये. “फुकटची सिस्टीम, काय लायकीची असणार?” म्हणतात. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, दहादा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

३. लॅबमध्ये सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रती चालवून आम्हाला व्यावसायिक नीती शिकवणाऱ्या सरांना काही नाही. तोंडावर बोललो, तर म्हणाले, “शहाणपणा बाहेर.” मी कॉलेजच्याच बाहेर पडलो. आई, तू दोन दिवस जेवली नाहीस. माफी तुझी मागतो, त्यांची नाही.

४. जुन्या प्रिंटरांसाठी मी लिहिलेला प्रोग्रॅम कोणाच्या नावे करता येत नाही. तो आधीच सगळ्यांचा आहे. त्यात बदल करायचा पासवर्ड मात्र आमच्या लिनक्सच्या गटातल्या दाढीवाल्याला. चारचौघांत “आधी बॅकअप, मग क्रांती” म्हणाला, म्हणून दीड वर्ष त्याच्याशी अबोला धरला. तो बरोबर होता. हे त्याला मी गेल्यावरच कळावं.

~~५. सापडलेली पानं आणि माझं उरलंसुरलं सगळं तिला.~~

पाचवं कलम का खोडलं ते लिहितो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. शेजारचे टायपिस्टकाका आले, दुसरं कोणी नव्हतं. आई वर जाऊन तिला घेऊन आली. काका म्हणाले, “जिला मिळणार, तिची साक्ष नको रे बाळा.”

तिने कागद वाचला. “मग पाचवं खोड. मी साक्षीदार.”

“माझं काहीच नको?”

“तुझ्या मेल्यावरची पानं घेऊन काय करू, मूर्खा? स्वतः आणून दे. शिव्या तेव्हाच घालीन, सगळ्या जपून ठेवल्यात.”

मी खोडलं, बाजूला सही केली. 

लिहून देणार: सही
साक्षीदार: १. टायपिस्टकाका, सही. २. वरच्या मजल्यावरची, सही.
ठिकाण: आमच्या घराची मागची खोली. बुधवार, तारीख चौदा, सकाळी साडेनऊ.

खाली टॅक्सी उभी आहे. बाबा मेन स्विचला हात न लावता बॅग घेऊन पुढे गेले. मी बाहेर पडून दार ओढून घेतो.