‘हं’चा गृहपाठ

४ फेब्रुवारी
समुपदेशनाच्या कोर्सचा फॉर्म भरला. फॉर्म फुकट. खरा खर्च : एक अख्खा रविवार, वहीची सहा पानं आणि हिचा एक टोमणा, ‘‘अहो, आधी घरातल्यांचं ऐका.’’
प्रश्न एकच. समुपदेशक का व्हायचंय? पहिल्या खर्ड्यात ‘मानवजात’ चार वेळा आली. फाडला. शेवटी खरं तेच लिहिलं : तीस वर्षं नळाच्या सामानाचं दुकान स्वतःच्या हिमतीवर चालवतोय. गिऱ्हाइकानं ‘ते गोल...’ म्हणायचा अवकाश, वॉशर त्याच्या हातात. माणूस ओळखायला मला अख्खं वाक्य लागत नाही. शिवाय कान असे तिखट, की भिंतीपलीकडची कुजबुजही सुटत नाही.

११ फेब्रुवारी
पहिला वर्ग. मॅडमनी तोच प्रश्न सगळ्यांना विचारला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लहानपणापासून आईबाबांची भांडणं फुकट सोडवली, आता फी घेऊन सोडवीन. नर्सबाई म्हणाल्या, आमच्या घरात कुणी कुणाशी बोलायचंच नाही. मॅडम म्हणतात, बहुतेक जण स्वतःच्या घरातली गळती शोधत इथे येतात. बिचारी माणसं! माझं घर ठणठणीत. गळतीवर मात्र वीस मिनिटं बोललो. विषय आपलाच.

१३ फेब्रुवारी
गृहपाठ : घरच्या एका माणसाचं पंधरा मिनिटं ऐकायचं. सल्ला नाही, प्रश्न नाही. नुसतं ‘हं’. विचारून रेकॉर्ड करायचं. किरकोळ काम.
लेक परगावी नोकरीला आहे. हल्ली आवाज उतरलेला असतो. दोन मिनिटांत ‘‘बरं बाबा, आईला द्या.’’ काहीतरी सलतंय पोरीला. ते काय, हे मीच काढून घेणार.
संध्या. ६. आरशासमोर ‘हं’चा सराव. ही विचारते, पोटात दुखतंय का.

१६ फेब्रुवारी
फोन फत्ते! लेक भरभरून बोलली. ‘‘बाबा, मला ना ऑफिसात...’’ म्हणाली, तेवढ्यात दुखणं ओळखलं. साहेब! साहेबाला कसं गुंडाळायचं ते सांगितलं. (सल्ला नव्हे. अनुभव.) रेकॉर्डिंग वर्गात सगळ्यांना ऐकवावं म्हणतो.

१७ फेब्रुवारी
रेकॉर्डिंग ऐकलं. मोबाईल बिघडला असावा. पुन्हा ऐकलं.
‘हं’ एकूण अकरा. सगळे तिचे. ‘‘बाबा, मला ना’’ तीनदा. पुढचं वाक्य एकदाही नाही.
दुपारी दुकानात गिऱ्हाईक म्हणालं, ‘‘ते गोल...’’ वॉशर उचलला होता, तरी थांबलो. ‘‘...असतं ना, ते नकोय.’’ च्यायला.

१८ फेब्रुवारी, सकाळी ८
ठराव : आज तोंडाला कुलूप. ती बोलेल, मी ऐकेन. कितीही वेळ लागो.
८.२०. फोन लावला. ती ‘हॅलो’ म्हणाली. मी गप्प. ‘हं’ नेमका कुठे घालावा, याचा अंदाज घेत होतो. ‘‘बाबा? हॅलो? तुमचा आवाजच येत नाहीये.’’ तिनं फोन ठेवला.
८.२५. तिनं आईला फोन केला. बाबांचा मोबाईल बिघडलाय म्हणे. ही ‘‘काय गं झालं, रडतेस का?’’ म्हणत आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.
९.१०. पाऊण तास भिंतीला कान लावून उभा होतो. एक अक्षर ऐकू आलं नाही.