घंटा वाजत होती तोवर

ती. आईस, दूरच्या शुभ्रा चंद्रावरून दिपालीचा नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवण बरं असतं, भाकरी तेवढी नसते. तुझे गुडघे काय म्हणतात? धाकट्या ज्ञानेशची नाइट शिफ्ट सुटली का?

आई, डोकं फिरलंय माझं! आमच्या मठाचा हजारो वर्षांचा नियम आहे, घंटा वाजत असेपर्यंत कुणी बोलायचं नाही. काल सम्राटाचं यान उतरलं आणि सैनिक आश्रयाला आलेल्या खाणकामगारांना ओढून न्यायला लागले. तेव्हा आमचे महास्वामी काय करत होते? घंटा बडवत होते! आणि सगळे संन्यासी माना खाली घालून गप्प. चाकणच्या कंपनीत साहेबांपुढे गप्प बसणाऱ्यांचीही मला एवढी लाज वाटली नव्हती.

मी पाना घेऊन वर चढले आणि घंटेच्या आतला लोखंडी लोळाच खोलून काढला. मग महास्वामींना असं खडसावलं की अख्खा मठ बोलायला लागला, यानाच्या दारात आडवा उभा राहिला. सैनिकांना माणसं सोडावीच लागली.

आता मला मठातून काढतायत. काढू देत. 'तिकडे तरी तोंड आवर' म्हणाली होतीस. आवरलं होतं गं, घंटा वाजत होती तोवर.

लोळा मी परत देणार नाही. आपलं आकुर्डीचं दार वाऱ्यानं आपटतं ना, त्याला टेकवायला आणतेय.

तुझीच,
दिपाली