पत्रिका घरीच करू

१० फेब्रुवारी २००२
आरतीचं लग्न ठरलं. मुलगा घोडेगावचा, सूरज. दुधाचा टेम्पो आहे, स्वभाव शांत वाटला. तारीख १२ मे. सुपारी फुटल्याबरोबर मी सगळ्या पाहुण्यांसमोर जाहीर केलं की बहिणीची पत्रिका मी करणार, कॉम्प्युटरवर. रेडीमेड कार्डावर नावं छापून आणायचे दिवस गेले. तात्यांनी विचारलं, तुला येतं का. म्हटलं, शिकतो की, तीन महिने पडलेत. पाहुणे माना हलवत होते. वडिलांनी असं चारचौघांत विचारायला नको होतं.

पाहुणे गेल्यावर आरतीने मला ओट्यापाशी गाठलं. म्हणाली, "दादा, पत्रिकेत बाकी काय पण कर. माझ्या नावापुढं बी.एस्सी. तेवढं लिही."

हे काय सांगायचं झालं! आमच्या भावकीत पदवी घेतलेली पहिली मुलगी. जीपच्या मागे लोंबकळत जुन्नरला कॉलेजला गेली. मी बारावीला दोनदा बसून सोडून दिलं. पहिली अक्षरं टाइप करायची ती बी.एस्सी. हीच. ठरलं.

१३ फेब्रुवारी
सॉफ्टवेअर कोणतं, हा मूळ प्रश्न. तिथे चुकलं की पुढचं सगळं वाया. म्हणून घाई करायची नाही.

मामेभाऊ सार्थक पुण्यात असतो. त्याला फोन लावला (एसटीडी बूथ आपलाच असल्याचा हा एक फायदा). तो म्हणाला, फोटोशॉप, दुसरं काही हातात धरू नको. जुन्नरच्या कॉम्प्युटर क्लासचे सर म्हणाले, छापायचं असेल तर पेजमेकर. स्टँडसमोरचा प्रेसवाला चांगदेव म्हणाला, कोरल शिक, माझ्याकडे तेच आहे, फाइल आणली की लगेच उघडेल. चांगदेव माणूस चांगला आहे, पण तो छपाईवाला. डिझाइन त्याला काय कळणार?

निर्णय: तिन्ही शिकायची.

२४ फेब्रुवारी
तिन्ही बूथवरच्या कॉम्प्युटरमध्ये टाकली. आता तो चालू होईपर्यंत गिऱ्हाइकाचा मुंबईचा कॉल संपतो.

फोटोशॉपमध्ये गणपतीच्या मुकुटामागे प्रकाश टाकला. दुपार त्यातच गेली. टोमॅटोला पाणी द्यायची पाळी माझी होती आणि लाइटही दुपारचीच होती. तात्या स्वतः जाऊन देऊन आले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं. उद्यापासून सकाळी शेत, दुपारी बूथ, संध्याकाळी डिझाइन.

२५ फेब्रुवारी
सकाळी डिझाइन. प्रकाशाचा रंग बदलावासा वाटला.

६ मार्च
फोटोशॉप सोडलं. अक्षरं मोठी केली की कडा फाटतात. पेजमेकर पण सोडलं. त्यात अक्षरांना सावली टाकणं म्हणजे वैताग. सर्व बाजूंनी अभ्यास केल्यावर मी कोरलवर आलो. चांगदेव तेच म्हणत होता, पण त्याने अभ्यास केला नव्हता.

आरतीने जेवताना विचारलं, लिहिलंस का. म्हटलं, आधी पाया पक्का होऊ दे. ती हसली. पाया म्हणजे काय, हे मलाही नीट सांगता आलं नसतं.

११ मार्च
शेजारच्या सावळेरामची आई गेली. आमच्याच भावकीतली, फार माया करायची. दशक्रियेचं कार्ड मी करून देतो म्हणालो. पहिलं बाहेरचं काम! म्हातारी गेल्याचं दुःख आहेच, पण काम करताना मी गुणगुणत होतो. सावळेराम दारात उभा होता, हे नंतर लक्षात आलं. लाज वाटली.

कार्ड मात्र फक्कड झालं. खाली भोर परिवाराची जी पट्टी आहे, तिला अशी सावली पडली की अक्षरं कागदावरून उचलून घ्यावीत. ही पट्टी जपून ठेवली. अशी सावली पुन्हा येईल, याची खात्री नाही.

२० मार्च
क्लासच्या सरांनी सांगितलं, डिझाइनर मोठा होतो तो फीडबॅकवर. केलेलं काम लोकांना दाखवा, ऐकून घ्या, सुधारा. एकदम पटलं. बूथवर रोज कितीतरी माणसं येतात. मी पत्रिका मॉनिटरवर लावून ठेवली आणि प्रत्येकाला विचारलं, कसं वाटतंय?

एक टोमॅटोचा व्यापारी म्हणाला, लई भारी राव, फोन मोकळा झाला का? एक ड्रायव्हर म्हणाला, गणपती लई भारी, फोन मोकळा झाला का? दिवसभर असाच उत्तम फीडबॅक आला. सुधारण्यासारखं कोणालाच काही दिसलं नाही.

वैष्णवीला दाखवलं. बायकोचं मत घ्यावं, आपण जुन्या विचारांचे नाही. ती म्हणाली, वन्संना दाखवलं का? म्हटलं, तिला सरप्राइज द्यायचंय. ती म्हणाली, नावं वाचता येत नाहीत. म्हटलं, त्याला डेकोरेटिव्ह फाँट म्हणतात.

वैष्णवीला यापुढे तयार झाल्यावरच दाखवायचं.

२ एप्रिल
बी.एस्सी.चा मोठा प्रॉब्लेम. एका बाजूला सूरज, एका बाजूला आरती, मधे मंगलकलश. दोन्ही नावं बरोबर तोलून बसली होती. बी.एस्सी. टाकलं की आरतीची बाजू लांब होते आणि कलशाला धक्का लागतो. अक्षरं बारीक केली तर मुंगी चिरडल्यासारखी दिसतात. नावाच्या खाली टाकलं तर मामाचं नाव सरकतं, आणि मामा आधीच मानाचे कपडे न मिळाल्यामुळे रुसलाय.

तात्पुरतं काढून ठेवलं. बॅलन्स बसला. छापायच्या आधी परत टाकायचं म्हणजे टाकायचं.

५ एप्रिल
आरती बूथवर डबा घेऊन आली. मी मॉनिटर बंद केला. म्हटलं, लाइट गेली. डोक्यावर पंखा फिरत होता. तिने पंख्याकडे पाहिलं, डबा ठेवला आणि गेली. भाजी शेवग्याची होती, मला आवडते म्हणून तिने मुद्दाम केलेली. अर्धी डब्यातच राहिली.

तिला का दाखवत नाही, हे स्वतःला विचारलं. सरप्राइज, हे एक. दुसरं म्हणजे ती तोंडावर खरं बोलते. कलाकाराला ऐन भरात तसं चालत नाही.

१३ एप्रिल, पाडवा
संकल्प:
बी.एस्सी. टाकायचं.
पाण्याची पाळी चुकवायची नाही.
आरतीशी खोटं बोलायचं नाही.

संध्याकाळी तिने विचारलं, झालं का दादा. म्हटलं, टाकलंय, मस्त दिसतंय.

१७ एप्रिल
तात्या संतापले. लग्नाला महिनाही नाही राहिला आणि पत्रिका नाही. आजच्या आज प्रेसला दे, नाहीतर मी देतो, म्हणाले. घाईने खालची बाजू पूर्ण केली. नवी पट्टी करत बसायला वेळ नव्हता, म्हणून दशक्रियेच्या कार्डावरची उचलून चिकटवली. समस्त भोर परिवार तिथेही आणि इथेही. एक अक्षर बदलावं लागलं नाही. याला म्हणतात प्लॅनिंग.

चांगदेवने प्रूफ काढून दिलं आणि घरी दाखवून आण म्हणाला. मी स्टँडवरच दाखवलं. आमचे चुलते भेटले, त्यांनी बोट फिरवून स्वतःचं नाव शोधलं, सापडल्यावर झकास म्हणाले. मामाने त्याचं नाव शोधलं. खालच्या पट्टीचं सगळ्यांनी कौतुक केलं, कसली उठून दिसते म्हणाले. मी सही करून टाकली.

बी.एस्सी.ची आठवण चांगदेवचं मशीन सुरू झाल्यावर झाली. थांबव म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्याने शाई लावली होती. आरती समजून घेईल. शिकलेली आहे.

१९ एप्रिल
पहिली पत्रिका ओझरला विघ्नहरासमोर ठेवायची आपली रीत. आई ठेवून आली. तिला वाचता येत नाही, पण गणपती लई गोड दिसतोय म्हणाली. तिचा फीडबॅक मला सगळ्यात महत्त्वाचा.

लांबच्या पत्रिका जीपवाल्यांबरोबर पाठवल्या. डिंभ्याला लंकामावशीची पहिली. आरती तालुक्याला गेली होती, ती यायच्या आत गठ्ठा बांधून टाकला.

२१ एप्रिल, सकाळ
काय लिहू? लंकामावशी पहिल्या एसटीने आली. अंगणात पाऊल टाकलं आणि हंबरडा फोडला. आई आतून धावली. बहीण एवढी रडतेय म्हणजे डिंभ्यात कोणीतरी गेलं, असं समजून आईनेही गळा काढला. दोघी गळ्यात पडून रडल्या. शेजारच्या बाया आल्या आणि त्याही पदर लावून बसल्या. तात्या टोपी काढून उभे राहिले. मी पण उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने आईने हुंदका आवरला आणि विचारलं, "कोण गेलं गं लंके?"

मावशी म्हणाली, "ते मला काय म्हाईत? कार्ड तुमीच धाडलं न्हवं का?"

पिशवीतून पत्रिका काढली. तिने ती डिंभ्याच्या स्टँडवर कोणाकडून तरी वाचून घेतली होती. त्या माणसाला वरची डेकोरेटिव्ह अक्षरं लागेनात. खालची पट्टी तेवढी स्वच्छ वाचता आली. ती त्याने मोठ्याने वाचून दाखवली, बाईमाणसाला धक्का बसू नये म्हणून हळू हळू.

तात्यांनी चष्मा लावून अंगणात पुन्हा वाचली. "शोकाकुल, समस्त भोर परिवार."

२१ एप्रिल, दुपार
बूथ बंद ठेवला. सॉफ्टवेअरमध्ये शब्द तपासायची सोय मराठीला नाही, असं मी तात्यांना सांगितलं. ते खरं आहे. तात्या म्हणाले, डोळ्यांची सोय होती.

घरात कोणी जेवलं नाही. म्हणजे मावशी जेवली, रडून तिला भूक लागली होती. मग ती हसायला लागली आणि तिचं हसू थांबेना. आरतीही हसली. माझ्या हातातून पत्रिका घेतली, पहिल्यांदाच. वरपासून खालपर्यंत वाचली. तिचं हसू स्वतःच्या नावापाशी थांबलं. घडी घालून परत दिली. मी चप्पल शोधायच्या निमित्ताने बाहेर गेलो. चप्पल पायातच होती.

२२ एप्रिल
तात्या मला धरून चांगदेवकडे घेऊन गेले. त्याच्याकडचं रेडीमेड कार्ड निवडलं, सोनेरी गणपतीचं. मॅटर हाताने कागदावर लिहून दे म्हणाला. तिथेच बसून लिहिलं. खालची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आपले नम्र, समस्त भोर परिवार. आपले नम्र. चांगदेवकडून वाचून घेतली. तात्यांनी वाचली. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकानेही वाचली. आता चूक होणं शक्य नाही.

२३ एप्रिल
नवं कार्ड घेऊन ओझरला गेलो. जुनं परत मागावं तर कुठे मागणार? गुरुजींना सांगायची हिंमत झाली नाही. नवं ठेवलं, हात जोडले, देवाला मनातल्या मनात सांगितलं की वरचं कार्ड खरं धरा.

येताना जीपमध्ये कार्ड हातात धरून बसलो होतो. साधं, सुटसुटीत. सगळी नावं वाचता येतात. सूरज. आरती. शेजारच्या सीटवरचा माणूस म्हणाला, पावणं, बरं नाय का?

बी.एस्सी. नाही. खालच्या ओळीकडे एवढं बघितलं की वर बघितलंच नाही. आणि मीच लिहिलेला कागद. ह्या वेळी ना फाँट आडवा आला ना कलश.

२४ एप्रिल
चांगदेवला विचारलं, पुन्हा छापता येतील का. कार्डं संपली, पुण्याहून यायला आठवडा, म्हणाला. आरतीला आज सांगायचं.

सांगितलं नाही. उद्या नक्की.

२५ एप्रिल, संध्याकाळ
बूथवरून लवकर घरी आलो, मनात वाक्य जुळवत. ओसरीत आरती पत्रिकांचा ढीग घेऊन बसली होती. हातात काळं पेन. एकेक पत्रिका उघडायची, स्वतःच्या नावापुढे बी.एस्सी. लिहायचं, फुंकर मारून बाजूला ठेवायची. जीवशास्त्राच्या आकृत्यांना नावं द्यायची तेच अक्षर, सरळ आणि गोल. छापल्यासारखं बसत होतं. कलश नव्हता, पण असता तरी बसलं असतं.

जुळवलेलं वाक्य आठवेना. नुसतं म्हणालो, आरते, चुकलं माझं.

ती लिहीत राहिली. म्हणाली, "मी एवढंच सांगितलं व्हतं दादा."

मी खाली बसलो. खिशातलं पेन काढलं आणि ढिगातली एक पत्रिका ओढली. निदान निम्म्या तरी लिहून देऊ. तिने माझ्या हातातून ती काढून घेतली. म्हणाली, तू लिहू नको, तुझं अक्षर मी बघितलंय. तू कोपऱ्यांना कुंकू लाव.

वैष्णवीने आतून हळद-कुंकवाची वाटी आणून दिली. लावत बसलो. थोड्या वेळाने आरतीने मी लावलेली एक पत्रिका उचलून उजेडात धरली.

म्हणाली, तिरकं लागतंय. बोट नीट पूस आणि कमी घे.

पुसलं. कमी घेतलं.