वरच्या खोलीचा हाउस टॅक्स

बाबा, वरच्या खोलीला प्लास्टर झालं. काल मिस्त्री शेवटचा हात मारून गेला आणि आज सकाळी मी चहाचा कप घेऊन वर जाऊन बसलो. भिंती अजून ओल्या आहेत, सिमेंटचा थंड वास येऊन राहिला आहे. घमापूरची दुकानं उघडायच्या आधी इथून आकाशाचा केवढा मोठा तुकडा दिसतो, हे मला या वयात कळलं. तुम्ही आता नसलात तरी तुम्हाला सांगावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसलो.

धाकटी नागपूरहून कायमची इकडे येते आहे. शाळेतून निवृत्त झाली, तिचे यजमान गेले, मुलगा दूरदेशी. मीही एकटाच. म्हटलं, माझ्याजवळ ये, खाली मी आणि माझी पुस्तकं, वरची खोली तुझी. पण खोली द्यायची म्हणजे आधी ती पुरी करायला हवी, आणि ते मी पुढे ढकलत होतो. कारण कॉलेजात होतो तेव्हापासून तुमच्या तोंडून एकच ऐकलं होतं. प्लास्टर झालं की खोली पुरी झाली, आणि खोली पुरी झाली की हाउस टॅक्स वाढला. तोवर ती सरकारच्या लेखी नाहीच. खमरियाच्या आमच्या फॅक्टरीतले सगळे असंच करतात, म्हणायचे तुम्ही. म्हणजे इतकी वर्षं आपण एक अख्खी खोली लपवून ठेवली, असं मी धरून चाललो होतो. दंडाची धास्ती होतीच. पण त्याहून मोठी धास्ती ही, की नगर निगमच्या कुठल्याशा टेबलावर कोणी तुमचं नाव वाचेल आणि म्हणेल, या माणसानं चोरी केली.

घरं मोजून टॅक्स लावणारा निगमचा मोजणीवाला यायचा तो दिवस मला अजून दिसतो. आई जिन्यावर चार विटा मांडते, वाळूची चाळणी भिंतीला टेकवते, थापी मुद्दाम उघड्यावर ठेवते. मी वर आहे. उघड्या विटांच्या त्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून कॉलेजच्या पुस्तकातल्या कविता मी तिथंच म्हणायचो. पाठ व्हायच्या त्या आधी कानात, मग डोक्यात. तुम्ही जिन्याखालून हाक मारता, ‘कविता खाली येऊन म्हण. वर माणसं राहतात असं वाटलं नाही पाहिजे.’ मी अर्ध्या कडव्यावरून खाली येतो. तुम्ही त्या माणसाला फाटकापाशीच गाठता, हळू आवाजात काही बोलता, बोट वर करून खोली दाखवता, आणि तो लिहून घेतो. खिडकीतून आई म्हणते, ‘पटवून राहिले त्याला.’ मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता. पुढे वय वाढल्यावर त्याच आठवणीनं मान खाली जायची.

मी टाळतो आहे हे धाकटीनं फोनवरच ओळखलं. ‘दादा, काहून भिऊन राहिला तू? मी काय महालात राहायला येऊन राहिले? विटा दिसल्या तर दिसल्या. माझ्या चेहऱ्याला तरी कुठं प्लास्टर आहे आता.’ मी म्हटलं, विटांची माती झडते, तुला खोकला आहे. ती म्हणाली, ‘मग जा आणि विचारून ये. अजून बाबांच्या परवानगीची वाट पाहतो काय?’

गेलो. खिडकीवर एक तरुण मुलगा होता, समोर कंप्यूटर. मी घरून जुळवून नेलेली वाक्यं त्याच्यापुढे मांडली, की वर एक खोली आहे, अधुरी आहे, आता पुरी करायची आहे, तर जे काही लागेल ते. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, ‘दादाजी, प्लास्टर से टैक्स का क्या लेना-देना?’

मग त्यानं समजावलं, आणि बाबा, मला ते फार गोड वाटलं. आपलं घर आपण कधी भाड्यानं दिलं नाही, तरी ते दिलं असतं तर वर्षाला काय भाडं आलं असतं, असं आधी मनात धरायचं. वस्ती कोणती, छत पक्कं की कवेलूचं, बांधलेली जागा किती फूट, यावरून ते भाडं ठरतं आणि त्यावर कर. मालक स्वतः राहत असेल तर सूट. एका न घडलेल्या गोष्टीवर एवढा मोठा कारभार चालतो. मी इतकी वर्षं कविता वाचल्या, पण हे सुचलं नसतं.

‘और ऊपर वाला कमरा तो चढ़ा हुआ है,’ तो कंप्यूटरवरची नोंद बघत म्हणाला, ‘जब से मकान चढ़ा है, तब से.’

मी विचारलं, ‘किसने चढ़ाया?’

‘मालिक ने ही बताया होगा. दीवार उठ गई, छत डल गई, तो कमरा हो गया. आप लोग शुरू से भर रहे हैं.’ मग जरा हसून म्हणाला, ‘और कुछ छुपाया हो तो वो भी बता दीजिए.’

दरवर्षी मी पैसे भरत आलो, पण किती फुटांचे ते कधी पाहिलंच नव्हतं. बाहेर आलो. डॉक्टरांनी बंद केलेली खव्याची जिलेबी मी उभ्या उभ्या खाल्ली. तुम्ही फाटकापाशी त्या माणसाला पटवत नव्हता, खोली लिहून देत होता. ऑटोत बसून मी एकटाच हसत होतो, ऑटोवाला आरशातून बघत होता.

घर यायच्या आधी हसू थांबलं. खोली जर तुम्हीच लिहून दिली होती, तर प्लास्टर काहून नाही केलं? आणि मग ती हातगाडी आठवली. सिमेंटची पोती घरात आली होती, मिस्त्री ठरला होता, आणि एक दिवस तीच पोती हातगाडीवर दुकानात परत गेली. पाठोपाठ शेजारी वाळूही घेऊन गेले. तुम्ही म्हणालात, ‘मोजणी होऊन राहिली सध्या, काम थांबवू.’ त्याच आठवड्यात धाकटीला नागपूरला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जागा मिळाली होती आणि होस्टेलचे पैसे भरायचे होते. मोजणी दरवर्षी होत राहिली, तुमचं काम थांबलं ते थांबलंच. घरच्यांनी तुम्हाला टॅक्स चुकवणारा समजलेलं तुम्हाला चाललं, पोरीच्या शिक्षणापायी घर अर्धं राहिलं हे तिला कळलेलं चाललं नसतं. आईला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. विटा तर ती मोठ्या मन लावून मांडायची.

संध्याकाळी धाकटीला फोन केला. खोली पहिल्यापासून हिशेबात आहे, एवढं सांगितलं. ती इतकी हसली की खोकला आला. ‘म्हणजे बाबा उगाच भिऊन राहिले जन्मभर,’ म्हणाली, ‘आणि तू त्यांचाच मुलगा.’ मी म्हटलं, हो, घाबरटच होते थोडे.

पोती परत का गेली ते मी तिला सांगितलं नाही. सांगणारही नाही, आणि म्हणून हे पत्रही ती यायच्या आत फाडून टाकीन. ती पुढच्या आठवड्यात येईल, या खोलीत झोपेल आणि तुम्हाला भित्रे म्हणून हसेल. बाबा, मी तिच्याबरोबर हसणार आहे.