आईचा एक मंगळवार

हॅमिल्टन, रविवार

ती. शकुताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतोय, म्हणून मनातल्या मनात). साताऱ्याला ऊन तापायला लागलं असेल. तुझं बीपी कसं आहे? भावजींचा मोतीबिंदू काढला का?

आई गेली तेव्हा, नऊ वर्षांपूर्वी, मी कप विसळायला उठले, तर तू म्हणालीस, "राहू दे गं, तू पाहुणी आहेस." मी बाहेर जाऊन बसले. अजून तिथेच बसले आहे असं कधी कधी वाटतं.

तर बातमी अशी, की शेहेचाळिसाव्या वर्षी मी अर्थशास्त्राच्या एक वर्षाच्या मास्टर्सला नाव घातलंय (हसून घे). त्यात दोन वाटा आहेत. एकीत सगळे विषय वर्गात बसून शिकायचे आणि परीक्षा द्यायच्या. दुसरीत विषय निम्मे, बाकी प्रबंध. कुठली ते शुक्रवारपर्यंत कळवायचं. माझ्या गाइड तिशीतल्या आहेत, आणि विद्यापीठभर अनवाणी फिरतात (इथे कुणाला त्याचं काही वाटत नाही). त्यांनी विचारलं, "तुम्हाला कशाचं कुतूहल आहे?" असं मला आजवर कुणी विचारलेलंच नाही, त्यामुळे घाबरून बोलून गेले, "माझ्या बहिणीने आमच्या आईचं सहा वर्षं केलं, त्यात तिचा किती वेळ गेला याचं." बाई खूश! बिनपगारी कामाचा वेळ मोजणं हा म्हणे मोठाच विषय आहे.

मोजतात डायरीने. दिवसाचे दहा-दहा मिनिटांचे चौकोन, प्रत्येकात काय केलं ते लिहायचं. सरावाला मी घरात वाटल्या. आमच्या नवरोबांनी, गुरुनाथने, अख्ख्या शनिवारवर आडवं लिहिलं, 'घरकामात मदत' (चौकशीअंती, लॉन कापून झाल्यावर मोवरकडे बघत चहा). इशिताने एकच शब्द लिहिला, 'चिलिंग'. मी ओरडले, तर म्हणे, "मम, इट्स डेटा."

त्या डायरीत एक जादा रकाना असतो: त्याच वेळी आणखी काय करत होता? माझा भरताना रविवारचे फोन आठवले. आईशी अकरा-बारा मिनिटं बोलायचे, आणि त्याच वेळी डिशवॉशरमधली भांडी लावायचे. ती विचारायची, "कसलं वाजतंय गं?" मी म्हणायचे, "लाइन खराब आहे." ताई, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तर मला तिच्या शेवटच्या वर्षातला एक साधा मंगळवार लिहून दे. तिला कधी उठवायचीस, न्हाऊ घालताना ती भांडायची का, तुला ओळखेनाशी झाली तेव्हा काय म्हणून हाक मारायची. सोबत विद्यापीठाचा संमतीचा फॉर्म आहे. नकार द्यायला कारण लागत नाही, असं त्यावर ठळक छापलंय (तुला कधी लागलं होतं?).

तुझी,
विनया

ता. क. पत्र आठवडाभर टेबलावरच पडून राहिलं. फॉर्म फाडून टाक. मी शुक्रवारी वर्गातली वाट कळवून मोकळी झाले. तुझ्या सहा वर्षांवर मला मार्क पडणार, हे काही सोसेना. गाइडबाई हळहळल्या.

ता. ता. क. मंगळवार मात्र हवा आहे. कुठे छापायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही. "आता कशाला?" म्हणशील, आणि देणार नाहीस, हे ठाऊक आहे मला. तरी लिही ना.