अर्गिरोला कोणी नेलं

अथेन्स, २० जानेवारी १९४५

ती. एव्हान्थियाताईस,

सा. न. वि. वि. मी जिवंत आहे हे आधी वाच, बाकीचं मग. ऑक्टोबरात जर्मन गेले तेव्हा आम्ही रस्त्यावर नाचलो. डिसेंबरात त्याच रस्त्यावर आपलीच माणसं एकमेकांवर गोळ्या झाडत होती. गल्लीच्या एका टोकाला सरकारी शिपाई आणि इंग्रजांचे रणगाडे, दुसऱ्या टोकाला डोंगरातले बंडवाले, मध्ये आमचं घर. महिनाभर तळघरात भिजवलेले चणे खाऊन काढला. आता लढाई थांबली म्हणतात. छापखाना उघडलाय, पुन्हा अक्षरांचे खिळे जुळवायला बसतो.

आपला भाऊ स्तेर्यॉस डोंगरातून उतरला का? त्याला म्हणावं, जर्मनांशी लढलास ते पुष्कळ झालं, आता बकऱ्या सांभाळ. अर्गिरोला तिच्या धाकट्या मामाचा पापा दे.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा थ्रासोस

*

मावरोपेत्रा, २ जून १९४६

चि. थ्रासोस यास अनेक आशीर्वाद.

समेट झाला तसा स्तेर्यॉस गेल्या वर्षीच घरी आला होता. बंदूक जमा केली, पावती घेतली आणि दोन दिवस नुसता झोपला. मग छप्पर शाकारलं, अर्गिरोला अक्षरं शिकवली. तिचा बाप अल्बानियाच्या आघाडीवर पडला तेव्हा पोर रांगत होती. ती मामालाच बाप समजते. पण पोलीस त्याला तीनदा घेऊन गेले. दुसरी बंदूक कुठं पुरलीस, एवढंच विचारायचे. तिसऱ्या वेळी त्याला गाढवावर घालून घरी आणावं लागलं. मार्चातल्या निवडणुकीत त्याच्या पक्षाची माणसं मत द्यायला गेलीच नाहीत. पायाच्या जखमा भरल्या आणि गेल्या आठवड्यात तो पुन्हा डोंगरात गेला. मी अडवलं नाही. खरं सांगू, मला वाटलं, तिथं तरी त्याला झोप लागेल.

तू तिशीचा झालास. दात पडल्यावर तुझ्यासाठी मुलगी बघायला येऊ का मी?

आठवण काढत जा, तेवढं पुरे.

तुझी ताई

*

अथेन्स, १८ जानेवारी १९४८

ती. ताईस सा. नमस्कार.

मुलगी बघायचे तुझे कष्ट वाचवले. नोव्हेंबरात लग्न केलं. तिचं नाव मेल्पो, माझ्याहून शहाणी आहे. पत्र लिहिलं होतं, टपाल तपासणाऱ्यांनी कुठं गडप केलं कोण जाणे. म्हणून हे मिठाच्या लॉरीवाल्याच्या हाती देतोय.

नाताळात बंडवाल्यांनी कोनित्साला वेढा घातला, त्याची बातमी मीच जुळवली. आपल्या गावापासून दोन तासांची वाट! बातमीत दोन्हीकडच्या मेलेल्यांचे आकडे होते, नावं कुणाचीच नव्हती. ताई, अर्गिरोला कुणाबरोबर तरी यानिना शहरापर्यंत पोचव, तिथून मी घेऊन येतो. मेल्पोनं तिच्यासाठी खिडकीजवळ खाट टाकलीसुद्धा. हट्ट करू नकोस.

रागावलीस तरी चालेल, पण ऐक.

थ्रासोस

*

मावरोपेत्रा, ११ एप्रिल १९४८

चि. थ्रासोस आणि सौ. मेल्पो यांस आशीर्वाद.

तुझं पत्र कालच पोचलं. अर्गिरोला जाऊन चार दिवस झाले.

मार्चभर विमानं येत होती. शेजारच्या घरातली दोन पोरं अंगणातच गेली. मग बंडवाल्यांनी सांगितलं, मुलांना सरहद्दीपलीकडे नेतो, तिथं बॉम्ब नाहीत, जेवण आहे. काही आयांनी नाही म्हटलं, त्यांच्यावर फार दडपण आणलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. माझ्यावर कुणी आणलं नाही. मीच स्तेर्यॉसला निरोप धाडून बोलावलं आणि सांगितलं, पोरीला तू ने, दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. तो नको म्हणत होता. मी त्याला तोडून बोलले. यानिनाचा रस्ता सुरुंगांनी भरलाय, तुझ्याकडे धाडू कशी?

बावीस मुलं गेली. घरात आता इतकी शांतता आहे की चूलसुद्धा पेटवावीशी वाटत नाही.

मेल्पोला म्हणावं, खाट राहू दे.

ताई

*

यानिना, १५ मे १९४९

चि. थ्रासोस यास आशीर्वाद.

सैन्यानं गाव रिकामं केलं तेव्हापासून आम्ही तंबूत आहोत, हे तुला ठाऊकच आहे. स्तेर्यॉस एप्रिलमध्ये ग्रामोसच्या डोंगरात सापडला, त्याला गोळ्या घालून मारायची शिक्षा झाली, हेही तुझ्या कानावर आलं असेल. दयेचा अर्ज केलाय म्हणतात.

काल एक कारकून तंबूंतून फॉर्म वाटत फिरला. ज्यांची मुलं पलीकडे नेली त्यांनी लिहून द्यायचं, की मूल पळवून नेलं, आणि कोणी नेलं त्याचं नाव. सही असेल तरच परत मागता येईल. मी म्हटलं, मीच पाठवली. तो म्हणाला, बाई, तसा फॉर्म नाही.

तू छापखान्यातला माणूस, कागदाचं तुला कळतं. काय करू?

उत्तराची वाट बघणारी,
ताई

*

अथेन्स, ३० मे १९४९

ती. ताईस सा. न.

बेटावरच्या तुरुंगात जाऊन स्तेर्यॉसला भेटलो. दहा मिनिटं मिळाली. फार वाळलाय, पण तोंडाळपणा गेला नाही. गेल्या वर्षी नोकरी टिकावी म्हणून मी लिहून दिलं होतं, की या भावाशी माझा संबंध नाही. ते तुला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, शुद्धलेखन तरी बरोबर होतं का?

फॉर्मचं सांगितल्यावर म्हणाला, ताईला म्हणावं, माझं नाव घाल. माझ्या नावावर सतरा गुन्हे आहेत, अठराव्यानं पाठ मोडणार नाही. मलाही वाटतं तू सही करावीस. पण लपवून ठेवत नाही: वकील म्हणाला, मूल पळवल्याचं सख्ख्या बहिणीनं लिहून दिलं तर दयेचा अर्ज बुडाला समज.

तू ठरवशील ते मला मान्य.

थ्रासोस

*

यानिना, १२ जून १९४९

चि. थ्रासोस यास आशीर्वाद.

सही करत नाही. अर्गिरोचं कार्ड आलंय. युगोस्लाव्हियात आहे, शाळेत जाते, उंची वाढली म्हणते. जिवंत पोरीची वाट बघता येते.

फार थकलेय रे. आज एवढंच.

ताई

*

अथेन्स, २० जुलै १९४९

ताई,

कसं लिहू? शनिवारी पहाटे स्तेर्यॉसला गोळ्या घातल्या. मंगळवारी छापखान्यात यादी आली. अकरा नावं होती. सातवं त्याचं. शेजारचा गडी म्हणाला, मी जुळवतो, तू बाहेर जा. मी नाही गेलो. दुसऱ्या कुणाच्या हातानं त्याचं नाव चुकायला नको होतं.

आता सही कर. आता त्याचं काही बिघडत नाही.

मेल्पो रडते आहे, तिनं त्याला पाहिलंही नव्हतं.

थ्रासोस

*

यानिना, ९ नोव्हेंबर १९५१

चि. थ्रासोस आणि सौ. मेल्पो यांस अनेक आशीर्वाद.

अर्गिरो आली. बारा वर्षांची झाली, माझ्या खांद्याला लागते. आपली भाषा बोलते, पण हिशोब मनात तिकडच्या भाषेत करते. पहिल्या दिवशी मला अहो-जाहो करत होती.

तुम्हांला एक सांगायचं राहिलंय. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात बंडवाल्यांच्या हातून ग्रामोस गेला, लढाई संपली म्हणून घंटा वाजल्या, त्या आठवड्यात मी सही केली. कारकुनानं विचारलं, मामा ओढून नेत होता तेव्हा पोर रडत होती ना? मी म्हटलं, नाही, नदी उतरताना तिचे बूट भिजू नयेत म्हणून त्यानं तिला पाठुंगळी घेतली होती आणि ती त्याचे कान धरून त्याला घोड्यासारखी हाकत होती. त्याची लेखणी थांबली. तो म्हणाला, रडली नाही तर पळवली कशी म्हणायची? मग मी म्हटलं, लिहा, रडत होती.

ती आली त्या दिवशी मोटारतळावर एका वर्तमानपत्रवाल्यानं अर्गिरोला विचारलं, तुला पळवणाऱ्या मामाबद्दल काय वाटतं? ती म्हणाली, मला कुणी पळवलं नाही. त्यानं वही मिटली. घरी आल्यावर तिनं मला विचारलं, मामानं चोरलं असं यांना कोणी सांगितलं? मी म्हटलं, मी. स्तेर्यॉस कसा गेला तेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, कागद खोटा आहे तर बदलून घ्यायला नको का?

इथं विचारलं. कागद अथेन्सला गेलेत म्हणाले. म्हणून आम्ही दोघी शुक्रवारच्या मोटारीनं येतोय. कचेरी कुठली ते काढून ठेव. कागद बदलतील असं मला वाटत नाही. खोटं लिहून दिलं म्हणून मलाच आत बसवतील, तेवढं मात्र होईल. तसं झालं तर पोर तुमच्याजवळ राहील. तिला दूध आवडत नाही, आग्रह करू नका.

भेटीत सगळं बोलूच. तोवर दोघांनी माया असू द्यावी.

तुमची ताई,
एव्हान्थिया