मुसल्लमची हरकत

१६ फेब्रुवारी २०१४, रविवार
दिवसभर वाळवंटात. पाठ मोडून निघाली. अभयारण्याचा करार करायच्या आधी तिथल्या उंटपाळ जमातीचं म्हणणं ऐकायचं, हे काम आमच्या कंपनीकडे आलंय. इतिवृत्त लिहायचं मी. तंबू आमचा, कहवाही आमचा. त्यांचा म्हातारा म्होरक्या मुसल्लम — त्याने कप समोर ठेवला आणि तोंडच लावलं नाही. पाहुण्यापुढचा गार कप मला बघवतो थोडाच! उचलला, ओतून टाकला, ताजा भरून दिला. तोही तसाच. आमचे बॉस राजीवसर, त्यांनी तीनदा विचारलं, काही हरकत? म्हातारा गप्प. मी लिहिलं — हरकत नाही.

१८ फेब्रुवारी
ऑफिसला जाताना ड्रायव्हर यूनुस सहज म्हणाला, "मॅडम, बुढ्ढे ने कहवा छोड़ा था. मतलब कुछ माँगना था. मेजबान पूछता है, बोलो क्या चाहिए. हाँ बोला, तब पीते हैं."
म्हणजे तो विचारायची वाट बघत होता, आणि मी कप बदलत बसले. लाज वाटली स्वतःची. यूनुसलाच म्हाताऱ्याला फोन करायला लावला. त्यांची गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर कुंपणाच्या रेषेत जातेय. रेषा तेवढी सरकवा, एवढंच मागणं. नाहीतर पन्नास मैलांत पाणी नाही.

१९ फेब्रुवारी
आशुतोषला सांगितलं. नवराच तो — "कशाला नसती उठाठेव? व्हिसा कंपनीचा आहे. पोरीची दहावी तोंडावर आलीय." खरंय त्याचं. कंटाळा आलाय सगळ्याचा.

२० फेब्रुवारी
राजीवसरांना सांगून टाकलं. चूक माझी, इतिवृत्त बदलू द्या. वाटलं, चांगले झापतील. त्यांनी मोबाइलवरून मानही वर केली नाही. "लिही की. विहीर, उंट, काय हवं ते टाक. खलास." इतकं सोपं होतं तर दोन दिवस जीव का जाळला मी?

२३ फेब्रुवारी
यूनुस नव्या इतिवृत्तावर मुसल्लमची सही घेऊन आला. म्हाताऱ्याचा निरोप — आता या, माझ्या घरी जेवा. बरं वाटलं. आठवड्यात पहिल्यांदा नीट जेवले.

२५ फेब्रुवारी
इतिवृत्त जोडायला फाइल उघडली. आमचा अहवाल कधीच गेलाय. 'जमातीची पूर्ण संमती आहे.' खाली राजीवसरांची सही. तारीख २ फेब्रुवारी. बैठक सोळाला झाली.